अंतराळातला ‘सुपरबग’ मूळचा कुठला?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा आला. तोच. लाल अक्षरं, मागे धडकी भरवणारं संगीत, सुनीता विल्यम्स यांचा फोटो आणि वर मथळा की अंतराळात जीवघेणा जंतू सापडला, थेट फुप्फुसांवर हल्ला करतो. जून २०२४ मध्ये अशा बातम्या पहिल्यांदा फिरल्या होत्या. सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये सुखरूप खाली आल्या, पण व्हिडिओ काही खाली यायला तयार नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला टॅग करून विचारलं, “तुम्ही लॅबवाले, तुम्हीच सांगा. खरं आहे का हे?”

ग्रुपवर दोन ओळींत उत्तर दिलं. पण दोन ओळींत मावणारा विषय नाही हा, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. गेली बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर लावतो. रुग्णाची लघवी, रक्त, थुंकी, जखमेतला पू, जे येईल ते प्लेटवर पसरायचं, रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायचं आणि सकाळी कोण उगवलंय ते बघायचं. मग त्या जंतूभोवती वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि कुठल्या औषधाला तो दबतो ते तपासायचं. त्यामुळे ‘जंतू’ शब्द ऐकला की मला भीती कमी वाटते, आणि पहिला प्रश्न पडतो: नमुना कुठून घेतला, कधी घेतला, आणि कोणी घेतला?

हेच तीन प्रश्न या बातमीला लावून बघू.

जंतूचं नाव एंटेरोबॅक्टर बुगांडेन्सिस. नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आणि आपली आयआयटी मद्रास यांनी मिळून त्याचा अभ्यास केला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सापडलेले त्याचे १३ स्ट्रेन त्यांनी तपासले. बऱ्याच अँटिबायोटिकांना हा जंतू दाद देत नाही, हे खरं. निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले आणि नेमक्या त्याच सुमारास सुनीता विल्यम्स वर पोहोचल्या होत्या. झालं! दोन बातम्यांची गाठ मारली गेली. पण यातले पहिले नमुने मार्च २०१५ मध्ये घेतलेले होते. स्थानकावरच्या शौचालयातून आणि व्यायामाच्या यंत्रापासून. म्हणजे ‘सुनीता विल्यम्स यांच्यासमोर नवं संकट’ असं जे सांगितलं गेलं, ते संकट नऊ वर्षं जुनं होतं. या जंतूमुळे वर कोणी आजारी पडलं असंही त्या अभ्यासात नाही. उलट २०१८ मध्ये पहिल्या पाच स्ट्रेनवर जो निबंध आला, त्यात संशोधकांनी स्पष्ट म्हटलं होतं की आज अंतराळवीरांना याचा प्रत्यक्ष धोका नाही, पण पुढे होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवायला हवं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. ‘बुगांडेन्सिस’ हे नाव कुठून आलं? अंतराळातून नाही. टांझानियात म्वांझा नावाच्या शहरात बुगांडो मेडिकल सेंटर आहे. तिथे रक्तात संसर्ग झालेल्या नवजात बाळांच्या नमुन्यांत हा जंतू सापडला आणि २०१६ मध्ये त्या रुग्णालयावरून त्याचं नाव पडलं. ज्याला आपण ‘स्पेसबग’ म्हणून घाबरतो, त्याचा जन्मदाखला एका रुग्णालयाच्या बालविभागातला आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी परत इथेच यायचं आहे.

बरं, स्थानकावर जंतू गेले कसे? सोपं आहे. माणूस गेला की जंतू जातात. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा एक नावाजलेला अंदाज आहे. आतड्यात, तोंडात, त्वचेवर, केसांत. यातले बहुतेक आपले भाडेकरूच आहेत, पचनाला आणि प्रतिकारशक्तीला मदत करतात. यानाचे सुटे भाग कितीही स्वच्छ खोलीत जोडले, तरी शेवटी आत माणूस बसवायचाच असतो, आणि माणसाला उकळून निर्जंतुक करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय स्थानकावर २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस असा गेला नाही की आत माणूस नव्हता. खिडकी उघडून हवा खेळवायची सोय नाही. पृथ्वीवर त्वचेचा कोंडा, धूळ खाली बसते, आपण झाडून काढतो. तिथे काहीच खाली बसत नाही, सगळं तरंगत तरंगत हवेच्या जाळ्यांपाशी जाऊन चिकटतं. म्हणून तिथल्या फिल्टरमध्ये अख्खा इतिहास सापडतो. स्थानकावर ४० महिने राहिलेला असाच एक फिल्टर खाली आणून तपासला, तेव्हा त्यात एक नवी प्रजाती मिळाली. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या डॉ. कस्तुरी वेंकटेश्वरन यांनी तिला डॉ. कलामांचं नाव दिलं: सोलिबॅसिलस कलामी. ही बातमी २०१७ मध्ये आपल्याकडे फार कौतुकाने छापून आली होती. गंमत बघा, जंतूला कलामांचं नाव मिळालं तेव्हा तो अभिमानाचा विषय, आणि बुगांडो रुग्णालयाचं नाव मिळालं तेव्हा तो जीवघेणा. दोन्ही एकाच स्थानकावरचे.

याआधी रशियाचं मीर स्थानक होतं, १९८६ ते २००१. त्याच्या शेवटच्या काळात विजेच्या अडचणी आल्या, आत उकाडा आणि दमटपणा वाढला. १९९८ मध्ये अमेरिकी अंतराळवीरांनी एका पॅनेलमागे नमुने घ्यायला हात घातला तर मागे पाण्याचे मोठाले गोळे तरंगत होते, त्यातला एक तर जवळपास बास्केटबॉलएवढा! गढूळ पाणी. खाली आणून तपासलं तर त्यात जिवाणू, बुरशी, अमिबासारखे जीव आणि धुळीतले माइट्ससुद्धा. मीरवर वर्षानुवर्षांत जिवाणू आणि बुरशी मिळून दोनशेहून अधिक प्रजातींची नोंद झाली. नुसत्या बसून नव्हत्या त्या. रबरावर, तारांच्या आवरणावर, खिडकीच्या कडांवर त्यांनी संसार थाटला होता.

पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल येऊन काळे डाग पडतात ना? अगदी तसंच. फक्त इथे भिंतीपलीकडे पोकळी आहे आणि रंगारी बोलावता येत नाही.

यावर साहजिक उपाय कुठला सुचतो? घासून पुसून सगळं मारून टाका. आंतरराष्ट्रीय स्थानकावर ते केलं जातं. दर शनिवारी अंतराळवीर साफसफाई करतात. व्हॅक्यूम क्लीनरने जाळ्या साफ करायच्या, जंतुनाशकाच्या ओल्या फडक्यांनी कठडे, टेबल, शौचालय पुसायचं. चारशे किलोमीटर वर गेलं तरी शनिवारची झाडलोट चुकत नाही.

आणि तरीही जंतू आहेत. मग प्रश्न येतो की उरलेत ते कोण?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या गटाने एक मोठा अभ्यास छापला. अंतराळवीरांनी स्थानकाच्या कानाकोपऱ्यातून घेतलेले ८०३ नमुने. काय दिसलं? जवळजवळ सगळे जंतू माणसाच्या त्वचेवरून आलेले. जेवायच्या जागेत अन्नाशी संबंधित, शौचालयाच्या भागात लघवी-शौचाशी संबंधित. नमुना बघून खोली ओळखता येईल इतकं स्पष्ट. जंतुनाशकांचे अंश जवळपास सगळीकडे. आणि माती, पाणी, झाडं यांच्यासोबत येणारे नेहमीचे निरुपद्रवी जंतू मात्र फारच कमी. पृथ्वीवरच्या जागांशी तुलना केली तेव्हा स्थानक एका टोकाला निघालं, रुग्णालयासारख्या बंदिस्त आणि सतत पुसल्या जाणाऱ्या जागांच्या बाजूला. त्या संशोधकांनी सुचवलं ते ऐकून आपल्या आजीला आनंद झाला असता: सगळं निर्जंतुक करण्यापेक्षा चांगले, मातीतले जंतू मुद्दाम आत न्यायचा विचार करा. बागेत हात घालणाऱ्यांची प्रकृती बरी राहते, तसं काहीसं.

कारण हिशोब साधा आहे. दहा प्रकारचे जंतू असतील आणि तुम्ही रोज एकाच औषधाने पुसत असाल, तर नऊ मरतात आणि दहावा, जो त्या औषधाला पुरून उरतो, त्याला मोकळं मैदान मिळतं. शेजारी नाही, स्पर्धा नाही. लॅबमध्ये हे मी प्लेटवर डोळ्यांनी बघतो. आयआयटी मद्रासच्या प्रा. कार्तिक रामन यांच्या गटाने स्थानकाच्या माहितीवरून जंतूंचे आपसातले संबंध मांडले, त्यात आणखी मजेशीर गोष्टी निघाल्या. न्यूमोनिया करू शकणारा क्लेबसिएला हा जिवाणू तिथे अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या वाढीला अडथळा करतो. म्हणजे एका नकोशा पाहुण्याला हाकललं तर दुसरा पाय पसरू शकतो. आणि आपला तो बुगांडेन्सिस काही ठिकाणी इतर जंतूंना तगून राहायला मदत करत असावा असंही दिसलं. ही गल्ली आहे, एकटा गुंड नाही.

आता कोणी म्हणेल, लॅबवाले जंतूंची वकिली करायला लागले. तसं नाही. धोका आहेच, आणि तो कमी लेखून चालणार नाही.

१९७० चं अपोलो १३ सगळ्यांना आठवतं ते ऑक्सिजनच्या टाकीच्या स्फोटामुळे. पण त्याच प्रवासात फ्रेड हेस यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता, थंडीने कुडकुडत, पाणी कमी पीत, तापाने फणफणत ते परतले. जंतू होता स्यूडोमोनास. आमच्या लॅबमधला नेहमीचा, हिरवट रंगाचा, गोडसर वासाचा. त्याच मोहिमेत केन मॅटिंग्ली यांना जर्मन गोवराच्या संपर्कात आल्यामुळे उड्डाणाच्या तोंडावर उतरवलं गेलं होतं. त्यानंतर अपोलो १४ पासून उड्डाणाआधी विलगीकरण सक्तीचं झालं. आपले शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले, त्याआधी महिनाभर तेही विलगीकरणातच होते. तारीख पुढे पुढे जात होती आणि ते बिचारे काचेआडून.

सप्टेंबर २००६ मध्ये अटलांटिस यानातून साल्मोनेला जंतू वाढवून आणले. टायफॉइडच्या नात्यातला जंतू. त्याच जातीचा एक गट खाली जमिनीवर वाढवला आणि दोन्ही उंदरांना दिले. वरून आलेल्या जंतूने उंदीर लवकर मेले आणि कमी मात्रेतच मेले. जंतूच्या १६७ जनुकांचं काम वर गेल्यावर बदललं होतं. २०१० आणि २०११ मध्ये स्यूडोमोनास नेला, तर त्याने वर असा चिकट थर बांधला की खाली खांब आणि वर छत, जमिनीवर कधी न दिसलेली रचना. हा चिकट थर म्हणजे मोरीच्या जाळीखाली हाताला लागतो तो बुळबुळीतपणा. स्थानकावर अंतराळवीरांची लघवी, घाम, श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा प्यायचं पाणी करतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. त्या यंत्रणेच्या नळ्यांमध्ये याच थराने अडथळे केले आहेत. त्यात भर म्हणजे वर गेल्यावर माणसाची प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडते, अंगावर पुरळ, जुन्या विषाणूंचं डोकं वर काढणं हे होतं. आज चारशे किलोमीटरवरून आजारी माणसाला काही तासांत खाली आणता येतं. मंगळाच्या वाटेवर ती सोय नसेल. सोबत नेलेल्या डब्यात जी औषधं असतील तीच.

मग माझं म्हणणं काय? तर हे सगळं आपल्याला कळलं कसं, याकडे बघा.

आपल्याला कळलं कारण कोणीतरी नियमाने फडकं फिरवलं, नमुना घेतला, मोजला, आणि मोजलेलं जगापुढे ठेवलं. स्थानकावर पाणी, हवा आणि पृष्ठभाग यांची ठरलेल्या वेळापत्रकाने तपासणी होते. पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५० पेक्षा जास्त जिवाणू-वसाहती उगवल्या तर ते पाणी मर्यादेबाहेर. ऑगस्ट २०१६ मध्ये केट रुबिन्स यांनी हातात मावेल अशा यंत्राने वरच्या वर डीएनए वाचून दाखवला. पुढच्या वर्षी पेगी व्हिट्सन यांनी स्थानकावरच उगवलेल्या जंतूंचा डीएनए तिथल्या तिथे वाचला, नमुना खाली पाठवायची वाट न बघता. आणि जंतूंची जनुकीय माहिती नासाने सगळ्यांसाठी खुली ठेवली. चेन्नईत बसलेल्या आपल्या मुलामुलींना त्यावर काम करता आलं ते त्यामुळे.

थोडक्यात, अंतराळ स्थानक ‘जंतूंचं घर’ म्हणून बदनाम झालं कारण त्यांनी तपासलं. जो तपासतो त्याच्याकडे सापडतं. जो तपासतच नाही त्याचं घर कागदावर कायम चकाचक.

आता जमिनीवर येऊ.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. एका रुग्णालयाच्या एकाच वॉर्डातून आठवड्याभरात तीन नमुने आले. तिघांत तोच जंतू, आणि चकत्यांभोवतीची नक्षीही तीच. म्हणजे जवळपास कुठल्याच औषधाभोवती मोकळं वर्तुळ नाही, जंतू थेट चकतीला भिडलेला. तीन वेगळे रुग्ण, तीन वेगळे आजार आणि जंतू मात्र एक. याचा अर्थ तो बाहेरून आलेला नाही, वॉर्डातला आहे. मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “रिपोर्टमध्ये तसं काही लिहू नका, आपण बोलू.” बोलणं काही झालं नाही. शेवटी तिथल्याच एका ज्येष्ठ सिस्टरबाईंनी स्वतःहून नळ, ट्रॉल्या, ऑक्सिजनला लावायच्या पाण्याच्या बाटल्या यांचे स्वॅब पाठवले. बाटलीत सापडला. बाटल्या बदलल्या, रोज उकळलेलं पाणी भरायला लागले, थांबला. खर्च जवळजवळ शून्य. पण ही गोष्ट कुठे लिहिली गेली नाही, म्हणून शेजारच्या रुग्णालयाला कळली नाही.

मला त्या फोनवरच्या माणसाचा रागही पुरता येत नाही. त्याला भीती कशाची होती? त्याच लाल अक्षरांची. ‘अमुक रुग्णालयात जीवघेणा जंतू’ असा मथळा झाला की दुसऱ्या दिवशी वॉर्ड रिकामा. जे रुग्णालय तपासेल आणि खरं सांगेल त्याला आपण शिक्षा देतो, आणि जे तोंड मिटून बसेल त्याच्याकडे विश्वासाने जातो. असे व्हिडिओ फॉरवर्ड करताना आपण नेमकं हेच करतो. घाबरवणाऱ्या बातमीने जंतू मरत नाही, तपासणारा गप्प होतो.

आणि हे गप्प बसणं महाग पडतंय. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे एकट्या २०१९ मध्ये जगभरात थेट १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आहे. आपल्याकडे आयसीएमआर मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्यातून दरवर्षी एकत्रित अहवाल काढते, ते चांगलंच काम आहे. पण तुमची आई ज्या वॉर्डात दाखल आहे तिथे मागच्या महिन्यात किती जणांना आतल्या आत संसर्ग झाला, हा आकडा भिंतीवर लावलेला मी कुठे पाहिलेला नाही. ४०० किलोमीटर वरच्या शौचालयाच्या दारावर कुठले जंतू आहेत हे मला घरबसल्या वाचता येतं. ४ किलोमीटरवरच्या आयसीयूचं नाही.

यात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, त्यातल्या अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि मेडिकलवाल्याने रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते. प्रत्यक्षात घसा खवखवला की आपण काउंटरवर जाऊन म्हणतो, “मागच्या वेळचीच स्ट्रिप द्या.” तीन गोळ्या घेतो, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. शनिवारच्या फडक्याचं काम आपण आपल्याच आतड्यात करतो. मरायचे ते मरतात, चिवट तेवढे उरतात.

आता शेवटचा मुद्दा. भारत स्वतःचं अंतराळ स्थानक बांधायला निघाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून एकूण २०,१९३ कोटी रुपये मंजूर केले, त्यात या स्थानकाचा पहिला भागही आहे. तो २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं उद्दिष्ट आहे. मला याचा मनापासून अभिमान आहे. शुभांशु शुक्ला वर असताना त्यांनी मूग-मेथीला मोड आणले, तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले होते, खोटं कशाला बोलू.

पण म्हणूनच एक नागरिक म्हणून, आणि कल्चर लावणारा माणूस म्हणून, तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात.

पहिली, कोरी पाटी जपा. पहिला माणूस आत पाऊल टाकायच्या आधी रिकाम्या स्थानकाचे नमुने एकदाच घेता येतात. जोडणी चालू असताना स्वच्छ खोलीत, बंद करायच्या आधी, आणि पहिल्या प्रवेशाच्या क्षणी. ही संधी हुकली की कोण आधीपासून होतं आणि कोण माणसाबरोबर आलं हे कधीच कळणार नाही. याचं नियोजन आज करायला हवं, २०२८ मध्ये नाही. आणि मीरवरच्या त्या पाण्याच्या गोळ्यांवरून धडा घ्यायचा तर पॅनेलमागे हात पोहोचेल, ओल साचणार नाही, अशी रचनाही आत्ताच ठरते.

दुसरी, जे सापडेल ते उघड करा. ठरलेल्या मुदतीत, सगळ्यांना वाचता येईल असं. भारतीय स्थानकावर जंतू सापडणारच. चीनच्या तियानगोंगवर २०२३ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत नवी प्रजाती सापडली आणि त्यांनी ती २०२५ मध्ये जाहीर केली, नावही स्थानकाचंच दिलं. त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे सापडेल तेव्हा ‘देशाची प्रतिमा’ म्हणून फाइल कपाटात जाऊ नये.

तिसरी, ते जंतू आपल्याकडे जपून ठेवा. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, देशभरातले जंतू जतन करणारं. भारतीय स्थानकावर जे उगवेल त्याची एक कुपी तिथे असायला हवी, म्हणजे गडचिरोलीच्या कॉलेजमधल्या पोरीलाही अर्ज करून त्यावर काम करता येईल.

आणि याच तीन गोष्टी, थोड्याफार फरकाने, मला माझ्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाकडूनही हव्या आहेत. नवीन वॉर्ड सुरू करताना नमुने घ्या. सापडेल ते सांगा. आणि सांगणाऱ्याची मान पकडू नका.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, जंतू खरा आहे. पण तो वरून खाली येणार नाहीये, तो खालून वर गेलाय, आपल्याच कातडीवर बसून. त्याचं नाव ज्या रुग्णालयाचं आहे, तशी रुग्णालयं आपल्याही गावात आहेत. तेव्हा व्हिडिओ पुढे पाठवण्याऐवजी एक करा. पुढच्या वेळी घरातलं कोणी दाखल असेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “इथे संसर्ग नियंत्रण समिती आहे का? मागच्या महिन्याचा आकडा काय?” उत्तर मिळालं, आकडा वाईट असला तरी, त्यांचे आभार माना. सांगणारं रुग्णालय लपवणाऱ्यापेक्षा बरं.

कोणाला असा आकडा विचारल्यावर काय उत्तर मिळालं ते खाली जरूर लिहा. फक्त रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव टाकू नका. आपल्याला कोणाला घाबरवायचं नाहीये, मोजायची सवय लावायची आहे.